उजव्या हाताचा मान

आमच्या गाडीचं मागचं उजवं दार उघडत नाही. डावं उघडतं, पण सोसायटीत मला मिळालेली पार्किंगची जागा भिंतीला चिकटून आहे आणि भिंत डावीकडे आहे. त्यामुळे मागच्या सीटवर कोणाला बसायचं असेल तर आधी मी एकट्याने गाडी बाहेर काढायची, गेटात आडवी उभी करायची, मागे खोळंबलेल्या टँकरवाल्याची बोलणी खायची आणि तेवढ्यात आत्याने डावीकडून शिरून सीटवरून उजवीकडे सरकत जायचं. आत्या ८२ वर्षांची आहे. सरकता सरकता ती दर वेळी एकच विचारते, "काय रे, चूक कोणाची ते ठरलं का?"

नाही ठरलं.

घटना १ सप्टेंबर २०२४ची, गणपतीच्या आधीच्या रविवारची. त्याच्या बरोबर महिनाभर आधी, १ ऑगस्टला, शीव स्टेशनचा १९१२ सालचा पूल पाडायचा म्हणून वाहतुकीला बंद झाला होता. तेव्हापासून शीवमधल्या प्रत्येक गाडीवाल्याने एकेक शॉर्टकट शोधून काढला होता आणि तो आपल्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही अशी प्रत्येकाची समजूत होती. परिणामी मुख्य रस्त्यापेक्षा शॉर्टकटने जायला जास्त वेळ लागे. तरी लोक शॉर्टकटनेच जात. मीही जात होतो.

त्या दिवशी आम्ही दादरहून मखर घेऊन येत होतो. मखर पुठ्ठ्याचं, चार खांबांचं, सोनेरी चमकी लावलेलं. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, फोल्डिंग आहे." त्याचे तीन खांब फोल्ड झाले. चौथ्याने ठाम नकार दिला, म्हणून तो मागच्या उजव्या खिडकीतून हातभर बाहेर काढला होता. मागे डावीकडे आत्या, पुढे माझ्या शेजारी बायको, मांडीवर पूजेच्या सामानाची पिशवी, आणि तोंडाने "सावकाश, सावकाश" हा जप.

शीव पूर्वेला आमच्या घराजवळ दोन गल्ल्या एकमेकींना काटकोनात छेदतात. सिग्नल नाही, हवालदार नाही. कोपऱ्यावर एक गुलमोहर आणि त्याच्याखाली चारही चाकांतली हवा गेलेली एक व्हॅन, जिच्या टपावर आता रोपं उगवली आहेत. ती कोणाची हे कोणाला माहीत नाही, पण तिच्यामुळे उजवीकडचं काही दिसत नाही. अशा ठिकाणी सुज्ञ माणूस हॉर्न वाजवतो. मी आयुष्यात नको तिथे लाखभर हॉर्न वाजवले असतील. पण जवळच शाळा आहे आणि तिथे शांतता क्षेत्राची पाटी आहे. त्या पाटीकडे त्या दिवशी माझं पहिल्यांदाच लक्ष गेलं आणि नागरिक म्हणून माझ्यात जे काही उरलंसुरलं होतं ते नेमकं त्याच क्षणी जागं झालं. मी हॉर्न वाजवला नाही. व्हॅनच्या पलीकडून एक पांढरी गाडी येत होती. तिच्या चालकानेही, पुढे कळलं, तीच पाटी वाचली होती.

आधी मखराचा खांब गेला. मग दार गेलं.

रस्त्यावरच्या अपघाताचं स्वतःचं एक कायदेशास्त्र आहे आणि ते प्रत्येक मुंबईकराला तोंडपाठ असतं. पहिलं कलम असं की मोठ्या गाडीची चूक. ट्रक आणि मोटार असेल तर ट्रकची, मोटार आणि रिक्षा असेल तर मोटारीची, रिक्षा आणि सायकल असेल तर रिक्षाची. सायकलवाला उभ्या ट्रकवर मागून आदळला तरी ट्रकची, कारण "एवढा मोठा ट्रक इथे कशाला उभा केला?" दुसरं कलम: ज्याचं नाक चेपलं तो गुन्हेगार, ज्याची कूस चेपली तो बिचारा. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. जो आधी उतरून ओरडतो तो फिर्यादी. दोन्ही गाड्या एकाच मापाच्या असल्यामुळे पहिलं कलम बाद झालं होतं. दुसरं पूर्णपणे माझ्या बाजूचं होतं. पण माझा सीटबेल्ट अडकला. मी खटपट करीत असताना पांढऱ्या गाडीतून साठीचे एक गृहस्थ उतरले, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, काय हे?"

मी आरोपी झालो.

"काय हे म्हणजे? तुम्ही येऊन आदळलात!"

"मी सरळ येत होतो. तुम्ही मध्ये आलात."

"मीही सरळच येत होतो!"

"मग आदळलो कसे?"

या प्रश्नाला भूमितीत उत्तर असेल, माझ्याकडे नव्हतं. तेवढ्यात खंडपीठ जमलं. इस्त्रीवाला आला, दोन वॉचमन आले, एक मुलगा मोबाइल वर धरून आला. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत एक आजी आल्या आणि वरूनच म्हणाल्या, "मी सगळं पाहिलंय! धाडकन आवाज आला, म्हणून लगेच तर बाहेर आले!" खाली कोणालाही या साक्षीत काही खोट दिसली नाही. इस्त्रीवाल्याचं मत पडलं की चूक व्हॅनची. एक वॉचमन म्हणाला, मखराची. दुसऱ्याने माझ्या टायरकडे बोट दाखवून "ग्रिपच नाय राहिली" असा अहवाल दिला. बायको खिडकीतून म्हणाली, "मी मघापासून सांगत होते, सावकाश." माझ्याच गाडीत बसलेला, माझ्याच घरचा साक्षीदार असा फितूर झाला. पांढऱ्या गाडीवाल्यांनी तिच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव 'पांढरे' पडलं. खरं आडनाव पुढे कळलं, पण उपयोगात आलं नाही.

कोणीतरी फोन केला असावा, कारण मोटारसायकलवरून दोन पोलीस आले. थोरल्याने विचारलं, "कोणाला लागलंय?"

"डोक्याला टेंगूळ आलंय," आत्या आतून म्हणाली.

"दवाखान्यात न्यायचं का? सायन हॉस्पिटल हे इथंच."

"नको. बर्फ असला तर द्या."

मग त्यांनी मला आणि पांढऱ्यांना बाजूला घेऊन तो सनातन प्रश्न विचारला, "मिटवायचंय का वाढवायचंय?" आम्ही दोघंही एका आवाजात म्हणालो, "वाढवायचंय!" साहेबांनी सुस्कारा सोडला, गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बघा, गल्लीचं हे टोक आमच्याकडे. ते टोक शेजारच्या पोलीस ठाण्याकडे. आदळलात तेव्हा कुठे होता?"

"मधोमध."

"हां. म्हणजे अवघड आहे."

आता शीव म्हणजेच मुळी वेस, हद्द. मुंबई बेट इथे संपायचं आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची. जेरार्ड आँजियरच्या कारकिर्दीत, १६६९ ते १६७७च्या दरम्यान, इंग्रजांनी इथल्या टेकडीवर किल्ला बांधला तो पलीकडच्या पोर्तुगीजांवर डोळा ठेवायला. साडेतीनशे वर्षांनंतर त्याच गावात माझी गाडी नेमकी हद्दीवर उभी होती आणि मला पोर्तुगीज समजून पांढरे माझ्यावर डोळा ठेवून होते. शेवटी साहेबांनी दोघांचे नंबर, लायसन्स, विम्याचे कागद लिहून घेतले, "आपसात बघा, सुशिक्षित दिसता" असा शेरा मारला आणि गाडीला किक मारली.

माझा भाचा वकील आहे आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात काम करतो. मी त्याला फोन करून सांगितलं, "केस सरळ आहे. त्याचं नाक, माझी कूस. बोल, किती मिळतील?"

"मामा, तो कुठल्या बाजूने आला?"

"उजवीकडून. दिसत नाही का, उजवं दार गेलंय?"

भाचा थोडा वेळ काहीच बोलला नाही. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून गप्प होतात तसं ते होतं. मग म्हणाला, "सिग्नल नसलेल्या चौकात, दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. १९८९च्या नियमांत होतं. २०१७ला नवी नियमावली आली, तीतही ते राहिलं."

मी ३१ वर्षं गाडी चालवतो आहे. लायसन्स काढताना आठाचा आकडा काढून दाखवला, हाताने उजवीकडे वळायची खूण करून दाखवली. पण उजवीकडून येणारा माणूस म्हणजे वरपक्ष, आणि त्याला आधी मान द्यायचा असतो, हे मला एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. लग्नात व्याह्यांना आधी ताट द्यायचं हे आपल्याला शाळेत न शिकवता कळतं. नियम करणाऱ्यांनी हे त्या भाषेत लिहिलं असतं तर महाराष्ट्रात कुठेही कुशीत धडक झाली नसती. फार तर रुसवेफुगवे झाले असते.

"म्हणजे पूर्ण चूक माझी?"

"तसं नाही. चौकात शिरताना वेग कमी करायचा हाही नियमच आहे, आणि तो त्यांनाही लागू. न्यायाधिकरण टक्के पाडतं. तुझे सत्तर, त्यांचे तीस, असं काही. पूर्वी असं नव्हतं. १८०९ला इंग्लंडात एकाने रस्त्यात आडवा बांबू टाकून ठेवला होता. दुसरा माणूस दारूच्या गुत्त्यातून निघून घोडा उधळत आला आणि त्यावर आदळला. कोर्ट म्हणालं, तूही नीट पाहिलं नाहीस, म्हणून तुला काहीच मिळणार नाही. तुझी थोडी जरी चूक असली तरी शून्य."

"मग?"

"मग १८४२ला गाढवाची केस झाली. एकाने पाय बांधलेलं गाढव रस्त्यावर चरायला सोडलं होतं. दुसऱ्याची घोडागाडी भरधाव आली आणि गाढवावर गेली. तेव्हा कोर्टाने ठरवलं की गाढव सोडणाऱ्याचं चुकलंच, पण टाळायची शेवटची संधी गाडीवाल्याला होती, म्हणून पैसे गाडीवाल्याने द्यायचे."

"आपल्या केसमध्ये गाढव कोण?"

"तेच ठरवायला न्यायाधिकरण आहे, मामा."

विषय निघालाच होता म्हणून भाच्याने उत्साहाने मला पूर्ण हिशेब समजावून सांगितला, म्हणजे मी त्या दिवशी मेलो असतो तर काय झालं असतं. त्यासाठी वयाचे गुणक ठरलेले आहेत. सरला वर्मांच्या खटल्यात २००९ला सर्वोच्च न्यायालयाने तक्ताच घालून दिला. पंचविशीपर्यंत १८, पुढे उतरत उतरत पासष्टीनंतर ५. माझं वय ५७, गुणक ९. बायकोचं ४९, गुणक १३. "बघा," बायको म्हणाली. आमच्या २६ वर्षांच्या संसारात ती जे ठसवत आली होती ते अखेर दिल्लीहून लेखी आलं. शिवाय माणूस जगला असता तर पुढे पगार किती वाढला असता तेही धरतात. २०१७च्या प्रणय सेठींच्या निकालानुसार माझ्या वयाच्या, कायम नोकरीतल्या माणसाला १५ टक्के. आमच्या ऑफिसात माझ्या भवितव्याबद्दल एवढी आशा कोणीही बाळगलेली नाही. त्यातून एक तृतीयांश वजा करतात, कारण जिवंत असता तर माणसाने तेवढे स्वतःवरच उडवले असते.

"एक तृतीयांश?" बायको म्हणाली. "चहाचेच तेवढे होतात."

मग तिने विचारलं की नोकरी न करणाऱ्या बाईचं काय धरतात. भाच्याने जरा चाचरत सांगितलं की जुन्या तक्त्यात नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश धरायचे, पण २०१०ला सर्वोच्च न्यायालयाने यावर बरेच ताशेरे ओढले आणि घरकामाची किंमत नीट करा म्हणून सांगितलं. बायको काही बोलली नाही. रात्री मात्र आमटीत मीठ नव्हतं. ते नेमकं कितव्या तृतीयांशात बसत होतं कोण जाणे.

खरी मजा आत्याची झाली. मी आणि पांढरे दोघं गुन्हेगार, पण मागे बसलेल्या माणसाची चूक नसते. दोघांच्या चुकीत तिसरा भरडला गेला तर तो दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, आणि आपसातली वाटणी दोघांनी नंतर करायची, हे २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ करून ठेवलंय. आत्याने हे दोनदा समजावून घेतलं.

"म्हणजे टेंगळाचे पैसे मी तुझ्याकडून मागू शकते?"

"हो."

"किंवा त्यांच्याकडून?"

"हो."

"मग त्यांच्याकडूनच मागते. तुझ्याकडे आहे काय?"

त्याच संध्याकाळी पांढऱ्यांकडून डबा आला. दोन गल्ल्या सोडून राहत होते आणि त्यांच्या घरात आधीच कोणाला तरी वाईट वाटलं होतं. डब्यात अकरा उकडीचे मोदक होते. आत्याने सगळे ठेवून घेतले आणि भरपाई मिळाल्याचं मान्य केलं.

गाडीची भरपाई एवढी गोड नव्हती. गॅरेजवाल्याने दाराभोवती एक प्रदक्षिणा घातली, आतली चमकी नखाने खरवडून पाहिली, "लग्नाची गाडी होती का?" म्हणून विचारलं आणि १५,५०० रुपये सांगितले. विमा कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंचा आवाज फार गोड होता, इतका की वाईट बातमी ऐकतोय हे मला शेवटच्या वाक्यापर्यंत कळलं नाही. गाडी सात वर्षांची, म्हणून पत्र्याचे ४० टक्के कापणार. प्लास्टिक आणि रबराचे ५० टक्के, रंगाच्या सामानाचे निम्मे, आणि पहिले १,००० माझे. म्हणजे हातात आठ हजारांच्या आसपास. पण दावा केला की माझा ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस शून्यावर येणार, आणि तो परत ५० वर यायला धडकेविना पाच वर्षं जावी लागणार. मी कागदपेन्सिल घेऊन बसलो. माझ्या हप्त्यावर पाच वर्षांत पावणेनऊ हजार जात होते. म्हणजे भरपाई घेतली असती तर साडेसातशे रुपयांना मी बुडालो असतो. विमा म्हणजे छत्री, असं एजंट म्हणाला होता. छत्री आहे, पण उघडली की भाडं सुरू होतं हे तेव्हा राहून गेलं असावं.

दाराचे पैसे पांढऱ्यांच्या विमा कंपनीकडून काढायचे तर न्यायाधिकरणात जायचं आणि त्यांची चूक सिद्ध करायची. ती करायला गेलो की माझी सिद्ध होणार. त्यांच्या बंपरचं अगदी तेच. त्यामुळे आम्ही दोघं दुधाच्या केंद्रावर पहाटे सहाला भेटू लागलो आणि पिशव्या हातात घेऊन न्यायदान करू लागलो.

"साठ तुमचे, चाळीस माझे. आणि दोघांनी गप्प बसायचं," पांढरे म्हणाले.

"साठ कसे? तुम्ही ब्रेक मारला नाहीत."

"मी मारला. तुमचं मखर दिसलं म्हणून मारला. नाहीतर पुढचं दार गेलं असतं."

"बरं, पंचावन्न."

"पंचावन्नला परवडत नाही हो."

मागून दूधवाला म्हणाला, "काका, भाव दोन्ही पिशव्यांचा तोच आहे. पुढे सरका."

आठवडाभर घासाघीस करून मी सत्तावन्नपर्यंत आलो आणि ते अठ्ठावन्नवर अडून बसले. एका टक्क्यासाठी दोन सुशिक्षित माणसांनी ऑक्टोबर घालवला. नोव्हेंबरात पांढऱ्यांनी खिशातून वही काढली. "आत्यांना मी पूर्ण भरपाई दिलीय. वाटणीप्रमाणे त्यातला तुमचा हिस्सा माझ्याकडे येणं आहे. अकरा मोदकांचे सत्तावन्न टक्के म्हणजे सव्वासहा."

"सव्वासहा उकडीचे?"

"तळणीचे चालतील. पण मग सात."

त्यांनीही एक भाचा गाठला होता.

दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत असते. २०१९ला कायदा बदलला आणि २०२२च्या एप्रिलपासून ही मुदत परत लागू झाली. तेव्हा १ मार्च २०२५ ही तारीख आमच्या दोन्ही घरांच्या कालनिर्णयवर लाल गोलात होती. फेब्रुवारीभर मला रोज वाटे, आज नोटीस येईल. पोस्टमन जिना चढताना दिसला की मी दाराआड उभा राहायचो. पांढरे, त्यांच्या सौभाग्यवतींच्या म्हणण्याप्रमाणे, त्याच काळात रक्तदाबाची गोळी दोनदा घेत होते. २ मार्चला, रविवारी, ते मला केंद्रावर दिसले. दोघंही दाढी करून आलो होतो. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, मी त्यांच्या.

"काय, नाही केलंत?"

"तुम्ही?"

"छे."

आणि त्यांनी माझ्या दुधाचे पैसे दिले. मोदकांबद्दल अजून काही बोललेले नाहीत.

त्याच दिवशी घरी येताना त्या चौकातून आलो. व्हॅन आहे तिथेच आहे, टपावरचं एक रोप आता फुललंय. बाल्कनीतल्या आजी वरून म्हणाल्या, "काय हो, माझी साक्ष कधी आहे? सहा महिने झाले. साडी इस्त्री करून ठेवलीय."

मी मान वर करून सांगितलं की आता साक्ष नाही. मुदत संपली. आम्ही मिटवलं.

आजींचा चेहरा उतरला. कठड्यावर वाकून त्या म्हणाल्या, "मग असं करा. पुढच्या वेळी आदळायच्या आधी एक हॉर्न मारा. म्हणजे मी वेळेवर बाहेर येईन."